झोपेत चालवलेली नाव

मंगळवारी दुपारी दोन वाजता घरातल्या मुलीने एका परक्या बाईंसमोर झोपून दाखवायचं, असं ठरलं होतं. त्यामुळे सकाळपासून घरात कुणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं.

मुलीच्या आईने, म्हणजे वहिनींनी, स्वयंपाक दोनदा केला. पहिला झालाय हे त्या विसरल्या होत्या. मुलीच्या वडिलांनी, दादाने, दुकानावर 'आज बंद' अशी पाटी लावली आणि सवयीने तो दुकान उघडून बसला. त्याचा धाकटा भाऊ आपल्या घरून चार जाड पडदे घेऊन आला, कारण झोपेला अंधार लागतो. मग कॅमेऱ्याला उजेड लागतो हे ध्यानात आल्यावर पडद्यांची घडी करून तिच्यावरच बसला. आणि या दोघांची मधली बहीण, मुलीची आत्या, मागच्या खोलीत कापसाच्या ढिगाला पाठ लावून रोजच्यासारखी गादीचा काठ शिवत होती. फरक इतकाच, की अकरा वाजल्यापासून ती एकच काठ शिवत होती. शिवायची, उसवायची, पुन्हा शिवायची.

मागच्या खोलीत कापूस पिंजायचं यंत्र होतं. ते बंद असलं तरी हवेत कापसाचे तंतू तरंगत असत आणि उंच खिडकीतून येणाऱ्या उन्हात ते इतक्या सावकाश खाली येत, की एखाद्यावर नजर ठेवून बसलं तर तो जमिनीला टेकायच्या आत माणूस पेंगायचा. तिन्ही भिंतींना छतापर्यंत कापसाचे गठ्ठे. पाच वर्षांपूर्वी पोरीने हाच कोपरा मागून घेतला तो त्या गठ्ठ्यांसाठी. इथला आवाज बाहेर जात नाही आणि बाहेरचा आत येत नाही. माईकला मात्र मुंगी खाकरली तरी ऐकू येईल.

पोरीला आता अख्खी दुनिया 'डुलकी' म्हणून ओळखायची. ते काही घरच्यांनी ठेवलेलं नाव नव्हे. पहिल्याच लाइव्हला, सहा जण बघत असताना, खेळता खेळता तिला अकरा मिनिटं डुलकी लागली होती. जागी झाली तेव्हा नव्वद जण बघत होते आणि त्यातले निम्मे बाकीच्यांना 'शू' करत होते. तिथून तिचा उत्कर्ष सुरू झाला. खेळ एकच, 'नावाडी'. नदी, धुकं, एक नाव, नावेत अकरा उतारू. सगळ्यांना कोरडं ठेवून पलीकडे न्यायचं. गोळीबार नाही, मारामारी नाही. एखादा उतारू भिजला तर तो काही न बोलता खाली उतरतो, पाण्यातून चालत धुक्यात निघून जातो आणि पुन्हा कधीच येत नाही. हे लोकांना गोळीबारापेक्षा जास्त लागायचं.

वादही बरेच झाले. एकदा तिने बघणाऱ्यांना 'आता झोपा' असं सांगून लाइव्ह बंद केलं, तर बाकीचे स्ट्रीमर म्हणाले, ही आमच्या पोटावर पाय देतेय. एकदा तिने नाव भरली म्हणून एक शेळी काठावरच सोडली. शेळीच्या बाजूने नव्वद हजार सह्या गोळा झाल्या आणि डुलकीला कॅमेऱ्यासमोर चाळीस मिनिटं शेळीची माफी मागावी लागली. पण घरात खरा भूकंप झाला तो फोमच्या गादीमुळे. कुठल्याशा कंपनीची फोमची गादी तिने आपल्या चॅनेलवर 'ढगासारखी' म्हटली. कापसाच्या गाद्या करणाऱ्या बापाने ते ऐकलं. तो ओरडला नाही. त्याने फक्त मुलीशी बोलणं बंद केलं, आणि चार महिने जे काही सांगायचं ते आत्यामार्फत सांगितलं. "तिला म्हणावं, दार लावून घे." डुलकी समोरच उभी असायची.

आणि मग तीन आठवड्यांपूर्वी ती सातवी नदी आली.

मोठी स्पर्धा होती. सातव्या नदीत एक दातेरी खडकांची गल्ली आहे. तिच्यातून अकराच्या अकरा उतारू कोरडे कुणीच नेले नव्हते. जेवणानंतरची वेळ. तिसऱ्या तासाला डुलकीची मान टेबलावर गेली. कॅमेऱ्यात नुसते केस आणि खांदे दिसत होते. मांडीवरचा कंट्रोलर घसरला तो थेट आत्याच्या गुडघ्यापाशी, कारण आत्या नेहमीप्रमाणे टेबलाखालच्या बाजूला बसून काठ शिवत होती.

दुसऱ्या कुठल्याही घरात कुणीतरी पोरीला गदागदा हलवलं असतं. या घरात झोपलेल्याला उठवत नाहीत. गिऱ्हाइकाने आधी गादीवर आडवं व्हायचं, झोप लागली तर गादी त्याची, आणि मध्येच उठवलं तर तो गादीचा अपमान, अशी अप्पांच्या, म्हणजे या तिघा भावंडांच्या वडिलांच्या, काळापासूनची रीत होती. एक हेडमास्तर सोमवारी दुपारी आडवे झाले ते मंगळवारी उठले. शाळेत त्यांच्यावर चौकशी बसली, पण दुकानातून त्यांना कुणी हाक मारली नाही.

तेव्हा आत्यानेही उठवलं नाही. पण नावेत अकरा माणसं होती आणि नाव खडकाकडे चालली होती. तिने सुई खोळीत टोचून ठेवली आणि कंट्रोलर उचलला.

तिला खेळता येतं हे कुणालाच माहीत नव्हतं. पूर्वी दोनदा डुलकीने हौसेने तिच्या हातात कंट्रोलर दिला होता; दोन्ही वेळा नाव जागच्या जागी गरगरली आणि सगळे हसले. तिसऱ्यांदा कुणी दिला नाही. पण डुलकी रोज चारला चहाला वर जायची ती पाऊण तास यायची नाही. रोजचा पाऊण तास, तीन वर्षं. तेवढ्यात बरंच पाणी कापून होतं. त्या दिवशी आत्याने एक तास चाळीस मिनिटं ती नाव काठ शिवावा तशी चालवली, कडेच्या अगदी जवळून पण कुठे टोचू न देता. पलीकडे लावली. कंट्रोलर पोरीच्या मांडीवर ठेवला आणि सुई उपसली.

डुलकी जागी झाली. समोर अकरा कोरडे उतारू काठावर उभे. "आत्या, हे कुणी केलं?"

आत्याने सांगायला तोंड उघडलं. त्याच क्षणी पुढच्या दुकानातून दादा धावत आला. तो फोनवर सगळं बघत होता. रोजच चोरून बघायचा. त्याने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि चार महिन्यांत पहिल्यांदा थेट तिच्याशी बोलला. "अप्पांचं उतरलं गं तुझ्यात."

कारण अप्पा झोपेत गाद्या शिवत. दुकानाचं नाव झालं ते त्या गोष्टीवर. एका उन्हाळ्यात वसतिगृहाची चाळीस गाद्यांची मागणी होती. अप्पा भर दुपारी हातात सुई घेऊन झोपी जायचे आणि उठायचे तेव्हा गादी शिवून तयार. ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली गेली होती, की ती आता घरातल्या भिंतींपैकीच एक होती.

दादाच्या डोळ्यांत पाणी होतं. डुलकीच्याही. आत्याने उघडलेलं तोंड जांभईच्या नावावर खपवलं आणि मिटलं.

मग पोरीने लाइव्ह जाऊन सांगितलं, "मी झोपेत खेळले. आमच्या घराण्यात आहे ते." अर्धे लोक हसले, अर्धे भडकले. कुणी म्हणालं, यंत्राकडून खेळवून घेतलं. कुणी म्हणालं, टेबलाखाली माणूस बसवला होता. हे ऐकून घरातले सगळे पोट धरून हसले होते. आत्या जरा कमी हसली. शेवटी स्पर्धेच्या नियम समितीने कळवलं, की झोपेत खेळता येतं तर खेळून दाखवा. नाही आलं, तर लबाड म्हणून कायमची नोंद आणि पाच वर्षांचं सगळं पुसलं जाईल.

म्हणून हा मंगळवार.

"वन्सं, एक विचारू?" वहिनी दुसरा स्वयंपाक झाकून मागच्या खोलीत आल्या होत्या.

"विचारा की."

"अप्पा झोपेत शिवायचे ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय?"

"शिवलेल्या गाद्या सगळ्यांनीच पाहिल्यात."

"मी गाद्यांचं नाही विचारत."

आत्याने दोरा दातांत धरला. तोंडात दोरा असला की माणसाला उत्तर द्यावं लागत नाही. शिवणकामाचा हा एक फायदा.

"माझी पोर झोपेत कूससुद्धा धड बदलत नाही," वहिनी म्हणाल्या. "लहानपणी पलंगावरून पडली तर खालीच झोपून राहायची. ती म्हणे नाव चालवणार. पण यांना कोण सांगणार? बापलेक बोलायला लागलेत. काल दोघं मिळून भाजी निवडत बसले होते. मी नाही बाई मध्ये पडत."

त्या उठल्या, दारापाशी थांबल्या. "तुम्ही त्या दिवशी इथेच होतात ना?"

"खाली मान घालून शिवत होते."

"हो, तुमची मान नेहमी खालीच असते," वहिनी म्हणाल्या, आणि गेल्या. त्या वाक्यात काय होतं ते आत्याला कळेना. म्हणून तिने पुन्हा काठ उसवला.

एवढ्यात दोघं भाऊ एक नवी कोरी गादी उचलून आत आले. दादाने ती चार दिवस खपून स्वतःच्या हातांनी केली होती. नऊ वर्षांत त्याने सुईला हात लावला नव्हता, त्यामुळे गादी एका बाजूला किंचित गरोदर दिसत होती.

"हिच्यावर झोप न येऊन सांगेल कुणाला," दादा म्हणाला. "चिमे, बघ जरा."

आत्या अठ्ठावन्न वर्षांची होती. दादा तिला अजून चिमेच म्हणायचा.

"छान झालीय," ती म्हणाली.

"छान काय, इतिहास आहे हा," धाकटा म्हणाला. त्याने खिशातून एक लेबल काढून गादीच्या कोपऱ्यावर धरलं. त्यावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं: 'झोपेत शिवलेली. खात्रीची.' "दोन हजार छापून आणलीत. आज पोरीने करून दाखवलं की उद्यापासून प्रत्येक गादीवर."

"पण आपण यंत्रावर शिवतो," दादा म्हणाला.

"यंत्रावरचा माणूस पेंगत असतोच की."

दादा विचारात पडला. तरुणपणी चार वर्षं त्याने रोज दुपारी हातात दाभण घेऊन झोपायचा प्रयत्न केला होता. एकही टाका पडला नाही. त्याच्या उजव्या मांडीवर मात्र त्या काळच्या बऱ्याच खुणा होत्या. थोरल्या मुलात न उतरलेली विद्या मध्येच एक पिढी गाळून नातीत उतरली, यात त्याला दुःख होतं तसा दिलासाही होता. निदान ती वाया गेली नव्हती.

दीड वाजता डुलकी खाली आली. चेहरा कागदासारखा. भाऊ पुढच्या खोलीत गेले, आणि ती येऊन बापाच्या गादीवर, आत्याच्या शेजारी बसली.

"तीन दिवस डोळा नाही लागला, आत्या. झोपायचं आहे म्हटलं की झोपच येत नाही."

"पड जरा."

"आत्ता झोपले तर दोनला कशी झोपू?" ती तरीही पडली. वर छताकडे बघत राहिली. "मला आठवतं ना ते. त्या दिवशीचं. मी खरंच नाव चालवत होते. पाणी पांढरं होतं, या कापसासारखं, आणि वल्ह्याचा आवाज येत नव्हता. कुणीतरी माझ्या मागे बसलं होतं. मला वाटतं अप्पा-आजोबाच होते. मी वळून बघितलं नाही, पण घाबरले पण नाही. लोक लबाड म्हणतात त्याचं मला... म्हणजे वाईट वाटतंच. पण मला हे खरं असायला हवंय, आत्या. बाबांसाठी. आणि माझ्यासाठी पण. आजवर मी नुसती बसून खेळणारी पोरगी होते. आता काहीतरी आहे माझ्याकडे."

आत्याने सुई खाली ठेवली. आता नाही तर कधीच नाही, असं तिच्या मनात आलं. "तुला एक सांगायचंय," ती म्हणाली. "त्या दिवशी तुझ्या मागे कुणी नव्हतं. खाली होतं."

आत्याने वळून बघितलं. डुलकीचं तोंड किंचित उघडं होतं, आणि वरून येणारा एक तंतू तिच्या श्वासाबरोबर नाकापाशी खाली-वर होत होता. गादी चांगलीच झाली होती.

दोन वाजता समितीच्या तपासनीस बाई आल्या. बारीक चणीच्या, निळी फाइल, बोटाला लावायचा एक चिमटा. दारातच दादाने त्यांना ओठांवर बोट ठेवून खूण केली.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"झोपलीय," दादा कुजबुजला.

"माझ्यासमोर झोपायला हवं होतं. कलम चार." बाईही नकळत कुजबुजायला लागल्या. "उठवा आणि पुन्हा झोपवा."

सगळे त्यांच्याकडे असे बघायला लागले, की जणू त्यांनी कुणाला तरी विहिरीत ढकलायला सांगितलं होतं.

"बाई, या घरात साठ वर्षांत कुणी कुणाला उठवलेलं नाही," दादा म्हणाला.

"मग सकाळी उठता कसे?"

"आपापले."

बाईंनी फाइल चाळली. उमेदवार आधीच झोपलेला आढळल्यास काय करावं, याला कलम नव्हतं. त्यांनी डुलकीच्या बोटाला चिमटा लावला, आकडे बघितले, पापणी हळूच उचलून डोळ्यात बघितलं. "खरंच झोपलीय," त्या जराशा आदराने म्हणाल्या. "ठीक आहे. सुरू करा."

धाकट्याने लाइव्ह चालू केलं. वहिनींनी पोरीच्या उघड्या तळव्यात कंट्रोलर ठेवला, लहान मुलाच्या हातात खुळखुळा ठेवतात तसा. समोर पडद्यावर सातवी नदी उजाडली. अकरा उतारू नावेत बसले: बोचकं घेतलेली म्हातारी, दोन शिपाई, छत्रीवाला, आणि बाकीचे. नाव सुटली. धाकटा फोनमध्ये बघून कुजबुजला, "एकेचाळीस हजार लोक बघतायत."

एकेचाळीस हजार लोक एका झोपलेल्या मुलीकडे बघत होते आणि खोलीत उन्हाचा पट्टा गठ्ठ्यावरून सरकत होता. नाव वाहत होती. वल्ही हलत नव्हती.

"दादा, तिची बोटं हलत नाहीयेत."

"अप्पांनाही वेळ लागायचा."

"किती?"

"गप बस रे."

नाव आडवी झाली. लांबून खडकांचे दात दिसायला लागले. कंट्रोलर तळव्यातून घसरून गादीवर पडला, आणि बाईंनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. आत्याला ते उलटं वाचता येत नव्हतं, पण शब्द छोटा होता. लबाड हाही छोटाच शब्द आहे.

पाच वर्षं या खोलीत बसून आत्या एकदाही कॅमेऱ्यात आली नव्हती. त्याची हद्द तिला बोटाबोटाने माहीत होती. पाय लांबवायचा तर कुठवर, डोकं वर काढायचं तर किती. ती उठली, त्या हद्दीच्या आत आली, पोरीच्या उशाशी बसली आणि कंट्रोलर उचलला.

"चिमे, काय करतेयस?" दादा कुजबुजला.

"नाव सरळ करतेय."

नाव सरळ झाली. पहिला दात डाव्या बाजूने गेला. छत्रीवाल्याने छत्री मिटून घेतली.

"हे काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

"त्या दिवशी चाललं होतं तेच," आत्या म्हणाली. तिने मान वर केली नाही. "मी केलं ते. पोरीला ठाऊक नाही. तिला खरंच वाटतं, तिने केलं."

एवढं मोठं भांडण आजवर कुणी एवढ्या हळू आवाजात केलं नसेल.

"तू तीन आठवडे बोलली नाहीस?" दादाने विचारलं.

"तू तिच्याशी बोलायला लागलास ना."

दुसरा दात गेला, तिसरा गेला. पाणी खरोखर पांढरं होतं.

"म्हणजे अप्पांचं हिच्यात उतरलं नाहीच," दादा म्हणाला.

"उतरायला अप्पांकडे असायला हवं."

"ताई," धाकटा कुजबुजला, "काय बोलतेस तू?"

"मी अकरा वर्षांची होते. अप्पा दमून सुई हातात धरून झोपायचे. उठवायचं तर नाही. गाद्या तर द्यायच्या होत्या. मी त्यांच्या हातातली सुई काढायचे, काठ शिवायचे, आणि सुई परत हातात ठेवायचे."

"चाळीस गाद्या?"

"अडतीस. दोन त्यांनी जागेपणी शिवल्या."

वहिनींनी एक लांब श्वास सोडला. कित्येक वर्षं पाठीत टोचणारी गाठ कुणीतरी सोडवली, तसा. "तरी म्हटलं," त्या म्हणाल्या.

दादा हळूहळू गठ्ठ्याला टेकून खाली बसला. त्याने आपल्या उजव्या मांडीकडे बघितलं. "मग मी चार वर्षं दाभण घेऊन झोपायचो ते?"

"उगाच."

"उगाच?"

"मी तेव्हाच सांगणार होते. पण तू झोपलेला असायचास."

दादाने तोंड कापसात खुपसलं. त्याचे खांदे हलायला लागले. वहिनी घाबरून त्याच्या पाठीवर हात फिरवायला लागल्या. पण तो रडत नव्हता. तो हसत होता, आवाज न करता, पोट धरून, एकसष्टाव्या वर्षी एक जुना गुन्हा माफ झालेल्या माणसासारखा. त्याने तोंड वर काढलं तेव्हा मिशीला कापूस लागला होता.

"माझी दोन हजार लेबलं," धाकटा म्हणाला.

"उशांत भरा," वहिनी म्हणाल्या.

"आणि वहिनी, हे सगळं लोक ऐकतायत. माईक चालू आहे."

सगळे माईककडे बघायला लागले. धाकट्याने फोन पुढे केला. चॅटमध्ये एरवी धो धो ओळी पडायच्या. आता एकेक ओळ सावकाश येत होती, आणि प्रत्येक ओळीत एकच शब्द होता: शू.

"डावीकडे घे, आत्या," गादीवरून आवाज आला. "तिथे पाण्याखाली एक दगड आहे. दिसत नाही."

आत्याने नाव डावीकडे घेतली.

"कधीपासून जागी आहेस?"

"बाबा चिमे म्हणाले तेव्हापासून."

म्हणजे पहिल्यापासून. आत्याला अप्पा आठवले. कारण त्या उन्हाळ्याचं एक तिने सांगितलं नव्हतं. एका दुपारी शिवता शिवता तिने वर बघितलं, तर अप्पा डोळे उघडून तिच्याकडे बघत होते. किती वेळ बघत होते कोण जाणे. मग त्यांनी डोळे मिटून घेतले. संध्याकाळी ते दुकानाच्या पायरीवर लोकांना सांगत होते, झोपेत हात आपोआप चालतात. पुढे चाळीस वर्षं सांगत राहिले.

"अप्पांना कळलं असेल का गं कधी?" दादाने विचारलं.

"नाही," आत्या म्हणाली. "गाढ झोपलेले असायचे."

डुलकी उठून बसली. तिला डोळे मिटून पडून राहता आलं असतं; बाई निघून गेल्या असत्या, बाकीचं घरच्यांनी निस्तरलं असतं. तिने बोटाचा चिमटा काढला, केस कानामागे सारले आणि माईक जवळ ओढला. तिचा आवाज अजून झोपेचा होता.

"मी जागी आहे," ती म्हणाली. "मघापासून. सातवी नदी मी पार केली नव्हती. ही माझी आत्या, तिने केली. मी तुम्हाला जे सांगितलं ते खरं नव्हतं, पण मला ते खरं वाटत होतं. मला तसं स्वप्न पडलं होतं. स्वप्न पडलं होतं हे खरं आहे. बाकी सगळ्याची माफी मागते." ती थांबली. "शेळीच्या वेळेइतकं लांबवत नाही."

"नऊ हजार गेले," धाकटा फोनमध्ये बघत म्हणाला.

"जाऊ देत, काका."

बाईंनी पेनाचं टोक दातांत धरून बराच विचार केला. "विक्रम रद्द," त्या म्हणाल्या. "खेळ दुसऱ्याच्या हातात गेला, म्हणून वर्षभर स्पर्धा बंद. चॅनेल राहील, जुनं काही पुसलं जाणार नाही. लबाडीच्या रकान्यात 'होय' नाहीतर 'नाही' लिहायचं असतं." त्यांनी फाइल मांडीवर ठेवली. "मी 'नाही' लिहिते."

वर्षभर स्पर्धा नाही, म्हणजे या धंद्यात वर्षभर कुणी विचारणार नाही. डुलकीने मान हलवली. तिने बापाकडे बघितलं नाही. तिला धीर होत नव्हता. दादा उठला, कापूस झटकत आला आणि आपण केलेल्या गादीच्या फुगलेल्या बाजूवर, पोरीला चिकटून बसला.

"मघाशी त्या दगडाचं काय म्हणत होतीस," त्याने तिला विचारलं. "दिसत नाही तर तुला कसा ठाऊक?"

"चार वेळा आपटलेय त्याच्यावर, बाबा."

"हं," दादा म्हणाला. "म्हणजे तू शिकलीस."

नाव पलीकडे लागली. अकरा उतारू कोरड्या पायांनी काठावर उतरले. त्या दिवशी आत्या इथेच थांबली होती. आज कुणी थांबवलं नाही, आणि धुकं आपोआप बाजूला झालं. मागे आणखी एक नदी होती, आठवी. तिचा पलीकडचा काठ दिसत नव्हता. अलीकडच्या काठावर मात्र उतारू येत होते. अकरा नाही, बारा नाही. धुक्यातून एकामागून एक, बोचकी घेऊन, छत्र्या घेऊन, कुणी पोराचं बोट धरून. येऊन शांतपणे रांगेत उभे राहत होते.

"एवढे नाही मावणार," डुलकी म्हणाली.

"फेऱ्या करू. एक तू, एक मी." आत्याने कंट्रोलर तिच्या हातात दिला, स्वतःची आखडलेली बोटं एकेक करून मोडली. "पहिली तू कर. जागी आहेस तोवर."